नेच्यांचे खरे सोयरे

महोदय,
पावसाळी सहलींच्या बातम्यांत ठोसेघरचा धबधबा असतो, कास असते; दगडी बांधाच्या फटीतून हिरवा नेचा (फर्न) डोके काढतो, त्याच्याकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. परवा नातवाच्या गाईडमध्ये पाहिले, नेचे आणि सेलाजिनेला ही बारीक पानांची वनस्पती अजून ‘टेरिडोफायटा’ (बिनफुलांच्या, बीजाणूंनी वाढणाऱ्या वनस्पती) या एकाच गाठोड्यात बांधलेले. आम्हीही तसेच शिकलो (आणि मी तर तसेच शिकवलेही!). तेव्हा पानामागचे बीजाणूंचे तपकिरी ठिपके भिंगातून बघून कूळ ठरवायचे. आता पानातल्या हरितलवकाचा, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांचा, डीएनए वाचतात. त्यातल्या ‘आरबीसीएल’सारख्या जनुकातली अक्षरे जुळवली, की कोण कुणाचा सोयरा ते कळते.

या तपासणीने बरीच उलथापालथ केली. सेलाजिनेलाचे घराणे सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झालेले. नेच्यांना ते इतके परके, की त्याहून आपला आंबा जवळचा! उलट काडीसारखे, वेगळेच दिसणारे इक्विसेटम 2001 मध्ये नेच्यांच्याच घरात आले. 2016 मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून नवी मांडणी केली, तीत नेच्यांच्या साडेदहा हजारांवर जाती आहेत.

गोठ्यामागच्या टाकीत जनावरांसाठी वाढवतो तो अझोलाही नेचाच. त्याचा संपूर्ण जनुकसंच 2018 मध्ये वाचला गेला. आमच्या गल्लीत हे सांगितले तर गवळी म्हणाला, “गुरुजी, शेवाळ आहे ते!”

गाईडवाल्यांनी पुढच्या आवृत्तीत एवढे पान तरी बदलावे.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा