विश्वाचा पोटखराबा

वाइमेआ, हवाई

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "जिथं काहीच नाही त्याचा नकाशा कशाला काढायचा?" मी हसून विषय बदलला. काल मौना केआ डोंगरावर ढग होते, तिथल्या 'केक' दुर्बिणीवरची आमची रात्र वाया गेली, म्हणून आता उत्तर लिहायला बसले.

तुम्ही जन्म जमिनीच्या मोजणीत काढलात. पीक येत नाही म्हणून पोटखराबा वगळला, तर गटाचं क्षेत्र जुळेल का? विश्वाचंही तसंच. दीर्घिका जाळ्यासारख्या पसरल्यात आणि जाळ्याची भोकं, म्हणजे आमच्या पोकळ्या, कोट्यवधी प्रकाशवर्षं रुंद आहेत. विश्वाचा बहुतेक सातबारा पोटखराब्याचाच!

आमचा आकाशाचा तुकडा सिंह राशीच्या खाली आहे. तिथून प्रकाश निघाला त्याला जवळपास ११०० कोटी वर्षं झाली. इतक्या लांबच्या दीर्घिका फार अंधूक. दिसली नाही म्हणजे नाहीच, असं म्हणता येत नाही. म्हणून आम्ही पोकळीच्याही पलीकडच्या दीर्घिकांचा प्रकाश पकडतो. वाटेतला हायड्रोजन त्यातला १२१.६ नॅनोमीटरचा अतिनील किरण गिळतो. विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे ही गिळल्याची खूण ताणली जाऊन आपल्यापर्यंत जांभळ्या-निळ्या रंगात येते. जितकी लांबची, तितकी जास्त ताणलेली. म्हणजे रंगावरून अंतर कळतं. जिथं कमी गिळलंय, तिथं पोकळी. एका दीर्घिकेमागे एकच रेघ मिळते. अशा शेकडो रेघा घ्यायच्या आणि मधलं गणितानं भरायचं. तुमच्या साखळीच्या ओळींसारखंच, फक्त खुंट्या ठोकता येत नाहीत. याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०१८ साली तिथल्या पोकळ्या दाखवल्या गेल्या, तेव्हा हे नुसतं कागदावरचं नाही.

उपयोग? दाटीत गुरुत्वाकर्षणानं सगळं कालवून ठेवलेलं असतं. पोकळीत वस्तुमान कमी, त्यामुळे विश्व कसं फुगत गेलं याचा हिशेब तिथं बराच स्वच्छ राहतो.

आई, तू एवढं वाचलंस का, की थेट शेवटाला आलीस? गुडघ्याचं तेल संपलं असेल तर दादाला सांग. आणि उद्या-परवा तुमच्या सकाळी साडेनऊपासून रात्री साडेनऊपर्यंत फोन करू नका. तेव्हा इथं रात्र असते आणि मी कामावर.

बाबा, माळ्यावरची तुमची जुनी साखळी भंगारवाल्याला देऊ नका. मला हवीय.

तुमची,
चिऊ