बिल भरले, पण चित्र कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या व्यवसाय पुरवणीत छोट्या उद्योजकांसाठी लोगो, खोक्यावरचे चित्र, जाहिरात यांविषयी सल्ला देणारा लेख वाचला. लेख कामाचा आहे. फक्त एका वाक्यापाशी अडखळले. चित्रकाराचे किंवा डिझायनरचे पैसे चुकते केले की ते काम आपल्या मालकीचे, असे लेखिकेने एका ओळीत सांगून टाकले आहे. मी बावीस वर्षे हेच काम करते. या समजुतीपायी जुनी, चांगली नाती तुटलेली पाहिली आहेत आणि त्यातले एक माझेच आहे.

लाकडी खेळणी करणाऱ्या एका छोट्या व्यवसायासाठी मी लोगो केला आणि खोक्यावर छापायला एक खार काढली. सगळे तोंडी ठरले. बिल दिले, पैसे वेळेवर आले. तीन वर्षांनी फोन आला, ‘‘ताई, त्या खारीची ओपन फाइल पाठवून द्या ना.’’ आमच्या धंद्यात ओपन फाइल म्हणजे जिच्यात प्रत्येक रेघ, प्रत्येक रंग सुटा असतो आणि कोणालाही बदलता येतो अशी मूळ फाइल. कशाला हवी, विचारले. दुसऱ्या कोणाकडून खारीला टोपी घालून घ्यायची होती आणि ती टी-शर्टांवर, दप्तरांवर छापून विकायची होती. मी म्हटले, हे तर आपले ठरले नव्हते. त्यावर उत्तर आले, ‘‘बिल भरलंय की आम्ही!’’

मी म्हणत राहिले ‘माझे चित्र’, ते म्हणत राहिले ‘आमची खार’. कागद दोघांकडेही नव्हता. शेवटी त्यांनी खार दुसरीकडून नव्याने काढून घेतली. ती मुंगसासारखी दिसते, असे मला वाटते. अर्थात माझे मत निःपक्षपाती नाही. त्या भांडणानंतर मी कायदा उघडून वाचला आणि दोघांनाही अर्धेच माहीत होते, हे तेव्हा कळले.

आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केलेले काम नोकरी देणाऱ्याचे ठरते, हा एक अपवाद. दुसरा अपवाद मोबदला देऊन करवून घेतलेल्या कामाचा, आणि सगळा घोळ तिथेच आहे. पैसे देऊन काढवलेला फोटो, पेंटिंग, व्यक्तिचित्र, एनग्रेव्हिंग (कोरीव ठशाचे चित्र) किंवा चित्रपट यांची मालकी, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याची. म्हणजे आपल्या लेखिकेचे वाक्य फोटोग्राफरला लागू पडते. पण या यादीत ड्रॉइंग नाही. कायद्यातल्या कलाकृतीच्या व्याख्येत पेंटिंग आणि ड्रॉइंग हे दोन वेगळे शब्द आहेत आणि कलम १७मध्ये त्यातला एकच आला आहे. लोगो किंवा संगणकावर रेघांनी बांधलेली खार हे पेंटिंग आहे, असे कोणी म्हणेल, पण त्यासाठी वकील लावावा लागेल. एवढी अनिश्चितता ज्यात आहे ते ‘तुमचेच’ म्हणून छापणे बरे नव्हे.

आणखी एक गंमत. पुष्कळ डिझायनर आता बिलाखाली ‘वर्क फॉर हायर’ असे छापतात. काम करवून घेणाराच पहिल्यापासून मालक, अशा अर्थाचा हा शब्द अमेरिकेच्या कायद्यातला. आपल्या कायद्यात तो नाहीच. आणि खुद्द तिथेही, बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या कामाला तो लागू व्हायचा तर लेखी करार लागतो आणि ते काम ठरावीक नऊ प्रकारांपैकी एक असावे लागते. लोगो त्या नवांत नाही. शब्द भारदस्त आहे, म्हणून छापतात झाले.

मध्ये जाहिरात एजन्सी असली की गुंता वाढतो. धंदेवाल्याला वाटते, एजन्सीला पैसे दिले, विषय संपला. पण एजन्सीने काम बाहेरच्या मुलाला दिलेले असते आणि त्या मुलाने एजन्सीला काहीच लिहून दिलेले नसते. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर मार्टेन्स’ बुटांच्या लोगोचे असेच झाले. एजन्सीच्या सांगण्यावरून एका फ्रीलान्स डिझायनरने तो केला आणि पुढे बऱ्याच वर्षांनी त्याचा कॉपीराइट ऑस्ट्रेलियातल्या एका प्रतिस्पर्धी कंपनीच्या नावे करून दिला! प्रकरण अपील कोर्टापर्यंत गेले. २००५ साली निकाल बुटांच्या कंपनीच्या बाजूने लागला; लोगो ज्या हेतूने करवून घेतला तो पाहता हक्क कंपनीकडेच जाणार हे गृहीतच होते, असे कोर्टाने धरले. कंपनी मोठी होती, लढली. दोन माणसांच्या व्यवसायाने कोणत्या बळावर लढायचे?

लिहून घेतले म्हणजे सुटलो, असेही नाही. कलम १९प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी द्यावे लागतात. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठे, किती मोबदल्यात, हे त्यात असावे लागते. काळ लिहिलाच नसेल तर तो पाच वर्षे धरला जातो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘लोगोचे सर्व हक्क अमुक यांना दिले’ एवढ्या एका ओळीवर निर्धास्त असलेले कितीतरी व्यावसायिक मला माहीत आहेत. सहाव्या वर्षी तो लोगो कोणाचा, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नाही, म्हणून झोप लागते. वर एक वर्षाची अट आहे: घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, तो हक्क संपतो. ‘पुढेमागे दप्तरांवर छापू’ म्हणून घेऊन ठेवलेल्या हक्कांचे काय होते, ते यावरून ध्यानात यावे.

ट्रेडमार्क नोंदवला आहे, मग कॉपीराइटशी काय देणेघेणे, असेही ऐकते. दोन्ही हक्क एकाच चित्रावर असू शकतात आणि दोन वेगळ्या माणसांकडे असू शकतात.

आता माझ्या बाजूच्यांनाही चार शब्द. सगळे हक्क विकल्यावरही कर्त्याकडे कलम ५७प्रमाणे काही उरते: कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि तिची आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने १९७९मध्ये उतरवून गोदामात टाकले. शिल्प सरकारनेच करवून घेतलेले होते. तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये त्याचे अवशेष सेहगल यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई. पण याचा अर्थ गिऱ्हाइकाने लोगोचा निळा जरा गडद केला की नोटीस धाडावी, असा नव्हे. आमच्यातले काही तेही करतात. आणि जो फॉन्ट किंवा जे तयार चित्र आपण दुसऱ्याच्या परवान्यावर वापरले, त्याचे ‘सर्व हक्क’ आपण कसे देणार? ते बिलात स्पष्ट लिहावे.

मी आता काम सुरू करण्याआधी अर्धे पान लिहून देते. कोणते चित्र, कशाकशावर छापायचे, हक्क कायमचे की काही वर्षांचे, फक्त देशात की जगभर, बदल कोण करणार, ओपन फाइल दरात धरली आहे की वेगळी. खाली दोघांच्या सह्या. गिऱ्हाइके सुरुवातीला दचकतात, ‘‘एवढ्याशा कामाला करार?’’ म्हणतात. ओपन फाइलपाशी हमखास घासाघीस होते. ती कामाआधी झालेली मला चालते.

पुढच्या पुरवणीत त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि ती करताना फोटो आणि लोगो यांना पुन्हा एकाच ओळीत बसवू नये, ही विनंती.

आपली,
एक वाचक
(व्यवसाय : ग्राफिक डिझाइन)