वीरगळ उभारताना तळचा कप्पा गाडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावोगावच्या ग्रामपंचायती आणि तरुण मंडळे शिवारात विखुरलेले वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, गोळा करून वेशीजवळ किंवा देवळाच्या आवारात रांगेने उभे करू लागली आहेत. कालपर्यंत या दगडांवर धुणी आपटली जात होती, काही पायरीला लागले होते. त्यांना मान मिळतो आहे हे चांगलेच. पण बरीच कामे अशी होतात की दगड टिकतो आणि त्याने सांगितलेली हकीकत जाते. म्हणून हे पत्र.

वीरगळ खालून वर पाहायचा असतो. बहुधा तीन किंवा चार कप्पे असतात. सर्वांत खाली धारातीर्थी पडलेला वीर, त्यावर लढाई (कधी ही दोन्ही दृश्ये एकाच कप्प्यात), मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावर चंद्र-सूर्य. वरचे कप्पे जवळपास सगळीकडे सारखेच. वीर कशासाठी मेला हे मात्र खालीच कळते. गायी कोरल्या असतील तर गोधन राखताना, वाघ किंवा रानडुक्कर असेल तर त्या झुंजीत. बोरिवलीच्या एकसरमधील वीरगळांवर वल्ही मारणाऱ्या नौकांची रांग आहे. ते नाविक युद्ध आपल्याला ठाऊक आहे ते या कप्प्यांमुळेच. आणि नवा चौथरा बांधताना काँक्रीटमध्ये बुडतो तो नेमका हाच भाग. दगड पक्का बसावा म्हणून फूटभर आत घेतला, की गायी गेल्या, नावा गेल्या.

मूळ घडणीत यासाठी सोय असते. कोरीव कामाच्या खाली ओबडधोबड, न घडवलेला भाग सोडलेला असतो. तेवढाच जमिनीत जायचा. तो शाबूत असेल तर त्याच्या उंचीएवढाच खोल खड्डा घ्यावा, तळाला सहा इंच खडी चोपावी, दगड ओळंब्याने उभा करावा, चारही बाजूंनी दगडी पाचर मारून वाळू आणि बारीक खडी ठासावी. कोरीव कामाची खालची कड जमिनीपासून चार-सहा इंच वर राहिली पाहिजे, नाहीतर पावसाचे उडणारे पाणी आणि चिखल तिथेच बसतो. बुडखा तुटलेला असेल तर दगडी खोबणीत किंवा स्टेनलेस स्टीलच्या कंसात, मध्ये रबर घालून टेकवावा. साधी लोखंडी सळई नको. ती गंजून फुगते आणि दगड फोडते.

सिमेंटचा दोष एवढाच नाही. त्यातले क्षार पाण्याबरोबर दगडात चढतात, पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि नक्षीचे पापुद्रे सुटतात. घट्ट काळा पाषाण बराच काळ तग धरतो. सच्छिद्र, तांबूस दगड धरत नाही. ऑइल पेंटने आतली ओल कोंडते. शेंदराचे जुने थर स्वतः खरवडू नयेत, त्याबरोबर नाक-डोळे निघून येतात. ते काम पुरातत्त्व रसायनतज्ज्ञांचे. धुण्यासाठी साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेचा ब्रश, ॲसिड, पॉलिश मशीन यांचे नाव काढू नये. फोटोत अक्षरे उठावीत म्हणून पीठ किंवा खडू फासण्याची खोडही सोडावी; बाजूने टॉर्च धरला की काम होते.

उचलण्याआधी प्रश्न विचारावा: हलवायलाच हवा का? शिवेवरचा वीरगळ बहुधा शिवेवरच्या झुंजीचा असतो. तिथून काढला की अर्धी साक्ष संपली. रस्तारुंदी किंवा चोरीची भीती असेल तर हलवावाच, पण आधी चारही बाजूंचे मोजपट्टीसह फोटो, जीपीएस नोंद, तोंड कुठल्या दिशेला होते ते, आणि शेताचे किंवा माळाचे प्रचलित नाव लिहून ठेवावे. ५ फूट उंच, दीड फूट रुंद आणि ९ इंच जाड दगडाचे वजन साडेचार क्विंटलच्या आसपास भरते. त्याला रुंद नायलॉन पट्टे आणि चेनपुली लागते. साखळी किंवा जेसीबीचे दात नकोत. त्यांचे ओरखडे कायमचे राहतात.

नव्या जागी दोन दगडांत किमान तीन फूट अंतर ठेवावे. काही वीरगळ चारही बाजूंनी कोरलेले असतात, त्यांना भिंतीला पाठ लावून उभे करणे म्हणजे मागची बाजू पुसणे. तोंड दक्षिणेला असले तर हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन नक्षी उठवते. जमिनीला पन्नासास एक उतार, भोवती खडी. वड, पिंपळ, उंबर जवळ नको, तुषार सिंचनाची हिरवळ तर नकोच. ग्रॅनाइट टाइल्स आणि रंगीत कारंजे यांच्याबद्दल काय बोलावे!

फलकावर प्रत्येक दगडाला ‘शिवकालीन’ म्हणण्याचा मोह आवरावा. अनेक वीरगळ शिलाहार-यादव काळातले, म्हणजे शिवरायांच्या कित्येक शतके आधीचे आहेत. बहुतेकांवर लेख नाही, तेव्हा कुणा सरदाराचे नावही चिकटवू नये. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असलेली सतीशिळा असेल तर तीही सोबत ठेवावी, पण नवी ओटी-पूजा, उत्सव सुरू करू नये. १९८७ च्या कायद्याने सतीचे उदात्तीकरण गुन्हा आहे.

शंभर वर्षांहून जुने शिल्प ही १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू आहे. तेव्हा ठराव करण्याआधीच राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या विभागीय सहायक संचालकांना फोटोंसह पत्र द्यावे. वाई तालुक्यातील किकलीसारख्या, वीरगळांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या गावात सरपंच-सदस्यांनी एकदा जाऊन यावे आणि कंत्राटदारालाही बरोबर न्यावे. अंदाजपत्रकात सिमेंटच्या जागी खडी आणि वाळू लिहायची आहे हे त्याला आधी कळलेले बरे.

आपले,
वीरगळांची नोंद ठेवणारे काही वाचक