वही तू ठेव

नंदगड,
रविवार

चि. बाबू यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू दर वेळी तेच विचारतोस, "किती एमएल प्यायली असेल?" पोरीला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नळीतून दूध जायचं तेव्हा सिस्टर आकडा लिहायच्या. आता ती घरी अंगावर पितेय, तिथं कुठल्या रेघा? आणि सूनबाईला उठता-बसता विचारू नकोस. काळजीनं पान्हा फुटायला वेळ लागतो, हे मी अंगणवाडीत कितीदा बघितलंय.

लघवी-वजनाच्या नोंदीची वही तू ठेव, सूनबाईच्या गळ्यात घालू नको. पोट भरतंय का ते लघवीवरून कळतं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची झाली की दूध पुरतंय. डायपरमध्ये मोजता येत नाही, म्हणून थोडे दिवस लंगोटच बांधा. धुवायला तू आहेसच.

वजन आठवड्यातून एकदा. तोच काटा, सकाळची वेळ, उघडं अंग. रोज केलंस तर नुसत्या भरल्या पोटानं आणि लघवीनं शे-दीडशे ग्रॅम इकडंतिकडं होतात आणि तू फाउंड्रीतून फोन करत बसशील. पाजण्याआधी आणि नंतर वजन करून दूध मोजतात, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक एमएल. पण त्याला पाच-दहा ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. आमचा अंगणवाडीतला झोळीचा काटा शंभर-शंभर ग्रॅमचा, त्यावर एका वेळचं दूध कळायचंच नाही. डॉक्टर म्हणाले तरच कर.

तायी कार्डावर, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आई-बाळाच्या कार्डावर, कन्नड असलं तरी वजनाचा आलेख तुला वाचता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 साली सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या मुलांवरून त्यातली वाढीची रेषा ठरवली, त्यात दिल्लीचीही मुलं होती. न्यूमोनियानं ठिपका खाली आलाय, त्याकडं बघत बसू नको. पुढचे दोन ठिपके वर चढतात का बघ. दोन आठवड्यांत वजन हललं नाही तर डॉक्टरांना दाखव.

आता जेवण. नवव्या महिन्यात निम्मं पोषण तरी दुधातूनच मिळतं, म्हणून अंगावरचं मागेल तेव्हा. वरचं खाणं तीन-चार वेळा असतंच, आजारातून उठल्यावर दोन आठवडे त्यात रोज एक जेवण जास्त. पोट एवढंसं, तेव्हा पातळ पाण्यानं भरू नका. वरणाचं वरचं पाणी पाजायची सवय आपल्याकडं फार. त्यात काय असतं? खालची डाळ कुस्करून मऊ भातात घाला, वर तूप. अंडंही द्या. मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीची खीर सगळ्यात बरी. मोड येताना धान्यात जे तयार होतं त्यानं पिठाचा चिकटा मोडतो, त्यामुळं पीठ जास्त घातलं तरी खीर घट्ट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त ताकद जाते. साध्या घट्ट खिरीतही हे पीठ चमचाभर ढवळलं की ती सैल होते. मध मात्र वर्षाच्या आत नको, कुणी कौतुकानं चाटवायला आलं तरी.

शेजारणी म्हणतील दूध आटलं, बाटली लावा. लेकरू आजारात कमी ओढत होतं, म्हणून दूध कमी झालं. जास्त वेळा छातीला लावा, वाढेल. रात्रीचं पाजणं सोडू देऊ नको. नाक चोंदलं असेल तर आधी डॉक्टरांनी दिलेले मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, मग पाजा.

पण ती ओढेनाशीच झाली, घेतलेलं सगळं उलटू लागली, सुस्त पडली, आकडी आली किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जाऊ लागला तर वही राहू दे. शांत असताना मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास मोजलेस तरी तसंच. रात्रपाळी असो, काही असो, सरळ दवाखाना गाठ.

नाचणीचं पीठ बुधवारी खानापूरच्या गाडीनं पाठवते, स्टँडवर घ्यायला ये. सूनबाईला म्हणावं, दुपारी पोरीबरोबर झोपायचं, भांडी पडून राहिली तरी चालतील.

तुझी,
आई