प्रेसवाल्या काकांना जाहीर आभारपत्र

काका, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही बिलबुक पुढं ओढता आणि "पुढचं काम सांग" म्हणता. म्हणून हे जाहीर लिहितेय, आता मधेच तोडता येणार नाही. तुमचं नाव घालत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. मी करते त्या कोल्हापुरी चपलेचं नावही घालत नाही, नाहीतर आभाराच्या पत्राची जाहिरात व्हायची. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, कोल्हापूर काही एवढं मोठं नाही.

पुण्याच्या भीमथडी जत्रेत आमच्या बचत गटाला स्टॉल मिळाला होता आणि मला व्हिजिटिंग कार्डं हवी होती, म्हणून तुमच्या छापखान्यात आले. मजकूर वहीच्या पानावर लिहून आणलेला : "सर्व प्रकारच्या अस्सल कोल्हापुरी चपला योग्य दरात मिळतील." तुम्ही वाचलात, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "हे तर अख्ख्या चप्पल लाईनवर लिहिलंय की गं." मी म्हटलं, खाली फोन नंबर आहे ना. "नंबर हाय. माणूस कुठाय?"

त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, कारण आमच्या धंद्यात माणूस कधी नसतोच. चपलेला नाव गावाचं लागतं. कापशी म्हणजे कागल तालुक्यातल्या कापशीची, कुरुंदवाडी म्हणजे कुरुंदवाडची. करणाऱ्याचं नाव कुठंच नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावणारा एक, तळ कापून वादीनं, म्हणजे कातड्याच्या दोरीनं, शिवणारा दुसरा, आणि पट्ट्यावरची वेणी घालणाऱ्या बायका आपापल्या घरात. सगळं जुळून जोड तयार झाला, दुकानात गेला, की त्यावर दुकानाचं स्टिकर. आमचे अप्पा जन्मभर जोडामागं मजुरी घेत आले. त्यांनी शिवलेल्या चपला घालून किती नवरदेव बोहल्यावर चढले असतील, पण "ही कुणी केली हो?" असं विचारत आमच्या दारात कुणी आलेलं मला आठवत नाही.

आणि नाव न लावणं ही नुसती रीत नव्हती, हे तुम्हालाही ठाऊक होतं. आडनाव कळलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते अप्पांनी पाहिलेलं होतं. कातड्याचं काम करणारे हात लोकांपुढं आणायचे नाहीत, हे आमच्या घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं. चपला दिसू देत, आपण नको. कार्डावर नाव टाकायचं म्हटल्यावर अप्पाच पहिल्यांदा नको म्हणाले. "माल चांगला असला की झालं, नावाचं काय करायचंय?"

तेव्हा तुम्ही घरी येऊन अप्पांशी बोललात, त्याबद्दल आधी आभार. तुम्ही गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाची गोष्ट काढलीत. कोल्हापुरात ती गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते : ज्यांच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं त्या गंगारामांनी शंभर वर्षांपूर्वी शाहू महाराजांच्या पाठबळावर भर शहरात चहाचं हॉटेल टाकलं, आणि महाराज स्वतः तिथं थांबून चहा घ्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. मी ती समतेची गोष्ट म्हणून ऐकत आलेले. तुम्ही ती धंद्याची म्हणून सांगितलीत. महाराजांना गंगारामांना नुसते पैसे देऊन घरी बसवता आलं असतं. पण हॉटेल रस्त्यावर, गंगारामांचं नाव सगळ्यांना ठाऊक, आणि कप त्यांच्याच हातचा. "महाराज थांबले म्हणून लोक आले, हे खरं हाय अप्पा. पण थांबायला रस्त्यावर कायतरी असाया लागतंय." अप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, आईचं नाव घाल.

आईचं म्हणजे माझ्या आजीचं. तुम्हीच विचारलं होतंत ना, तुमच्या घरात सगळ्यात बारीक वेणी कुणाची? नाव तिथंच ठरलं होतं म्हणायचं.

त्यानंतर तुम्ही जे समजावलंत ते मी आजही नव्या पोरींना सांगते, कारण धंदा करणाऱ्या निम्म्या लोकांना हा फरक माहीत नसतो. "कोल्हापुरी" हे नाव माझं एकटीचं होऊच शकत नाही. २०१९ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्याकडच्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं. नोंदणी दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, आपलं लिडकॉम आणि त्यांचं लिडकर. माझ्यासारखीनं त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवायचं. म्हणजे हक्क मिळतो, मालकी सगळ्यांची. आजीचं नाव मात्र फक्त आमचं होऊ शकत होतं, ट्रेडमार्क घेतला तर. पायताणं पंचविसाव्या वर्गात येतात, छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. ही फी ऐकून माझा चेहरा पडला होता. तुम्ही म्हणालात, एका फ्लेक्सचे पैसे वाचव.

आणि सर्टिफिकेट हातात येईपर्यंत गोलातला "आर", म्हणजे नोंदणी झालेल्या ट्रेडमार्कची खूण, छापायला तुम्ही साफ नकार दिलात. टीएम चालेल, आर नाही, नोंदणी नसताना तो छापणं गुन्हा आहे. मी म्हटलं, बाकीचे प्रेसवाले बिनधास्त छापतात की. "त्यांच्याकडं जा मग." काका, तुमची ही भाषा ऐकून अनेक गिऱ्हाइकं पळाली असतील. मी नाही पळाले, हे माझं नशीब.

टाचेखाली दाबायचा आजीच्या नावाचा पितळी ठसा तुम्ही ओळखीच्या माणसाकडून करून आणलात. पहिला जोड ठसा मारून तयार झाला तेव्हा अप्पांनी तो उलटासुलटा करून बघितला आणि एवढंच म्हणाले, "आता शिलाई उसवून चालायची नाही." ब्रँड, ब्रँड म्हणून व्याख्यानं देणारे पुष्कळ भेटले पुढं, पण अप्पांच्या त्या वाक्याच्या पलीकडचं कुणी काही सांगितलं नाही. ठसा बसल्यावर वादीचं टोक घाईनं आवळायची सोय राहिली नाही. परत आलेला जोड आता दुकानदाराकडं जात नाही, आमच्या दारात येतो.

मोबाईलवरच्या गोष्टींत तुम्हाला फारसं कळत नाही असं तुम्ही म्हणता. पण मला जे कामाला आलं ते तुमच्या एका सूचनेतून आलं : गिऱ्हाईक जे विचारतं ते वहीत लिहून ठेव. स्टॉलवर लिहायला लागले. चावते का? तेल कुठलं लावायचं? कर्रकर्र आवाज का येत नाही? पावसात चालेल का? अस्सल कशी ओळखायची? वही भरली आणि लक्षात आलं की व्हिडिओ कशाचा करायचा हे शोधत बसायची गरजच नाही. एकेक प्रश्न घेतला, अंगणात बसले, हातात चप्पल धरली आणि उत्तर दिलं. पावसाळ्यात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवाल तर कातडं आखडेल. नवी असताना पट्ट्याला थोडं तेल लावा आणि आधी घरातल्या घरात वापरा. यात नवीन काय आहे? आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. पण गल्लीबाहेर हे सांगणारं कुणी नव्हतं. पावसाचे चार महिने माझी चप्पल घालू नका, असं सांगणारा व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरला. "घालू नका म्हणणारी चपलेवाली" असं मला पुण्यात एका बाईंनी हाक मारून म्हटलं. त्यांनी दोन जोड घेतले.

बाकीचं भराभर सांगते. गुगलच्या नकाशावर दुकान फुकटात नोंदवलं. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग केला. आपला नंबर ज्यांनी सेव्ह केलेला नसतो त्यांना ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम सगळ्यांना धाडलेला, निरोप पोचतच नाही, हे मला उशिरा कळलं. मग तुम्ही डब्यात घालायची चिठ्ठी करून दिलीत, नंबर सेव्ह करा म्हणजे दुरुस्तीसाठी हाक मारता येईल. दुरुस्तीचं आमिष खरं होतं, म्हणून चाललं.

आणि तो रिव्ह्यू. एकानं एक तारा देऊन लिहिलं, चप्पल चावते, पैसे पाण्यात. मी मोठं उत्तर टाईप केलं होतं, त्यात त्याच्या पायाचाही उद्धार होता. तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, समज तो दुकानात येऊन भांडतोय आणि मागं दहा गिऱ्हाइकं गप उभी आहेत. त्याच्याशी बोल, पण त्या दहा जणांना ऐकू जाईल असं बोल. मी चार ओळी लिहिल्या : कुठल्या पट्ट्याला लागतंय ते सांगा, पट्टा सैल करून देते, पाठवण्याचा खर्च माझा. त्यानं जोड पाठवलाच नाही. पण पुढं कितीतरी जणींनी फोनवर सांगितलं की ते उत्तर वाचून ऑर्डर दिली.

मग २०२५ चा जून आला. मिलानमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये मॉडेलांच्या पायात आपल्यासारख्याच अंगठ्याच्या चपला दिसल्या आणि कोल्हापूरचा कुठं उल्लेख नाही म्हणून इथं गदारोळ उठला. पुढं कंपनीनं महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेला पत्र लिहून भारतीय कारागिरीवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊनही गेली. त्या दिवसांत कॅमेरेवाले गल्लीगल्लीत फिरत होते. माझ्याकडंही येणार म्हटल्यावर मी घसा साफ करून बसले होते. तुमचा फोन आला, "शिव्या द्यायला अख्खं गाव बसलंय. तू वेणी दाखव."

मी वेणी दाखवली. चामड्याच्या बारीक पट्ट्या कशा काढतात, ओल्या असताना कशा विणतात, एका जोडाला किती वेळ जातो. चिडचिड होतीच, पण ती सांगायला दुसरे समर्थ होते. त्या आठवड्यात देशभरातून लोक "कोल्हापुरी" शोधत होते आणि ज्या थोड्या कारागिरांचं नाव, पत्ता, चेहरा आधीपासून सापडण्याजोगा होता, त्यांच्याकडं ते पोचले. आमच्याइतकंच, काही जण आमच्याहून सुबक काम करणारे शेजारी होते, त्यांच्याकडं कुणी पोचलं नाही. याचा मला आनंद नाही. पण असं घडलं खरं.

ऑर्डरी आल्या तेवढ्या घेतल्या नाहीत. तुमचं म्हणणं होतं घे, बाहेरून करून घे. तिथं मी तुमचं ऐकलं नाही. त्या जुलैत रेक्झिनचे जोड "हातची कोल्हापुरी" म्हणून कुठून कुठं गेले ते आपण दोघांनीही पाहिलं. मी वेळ लागेल असं लिहून टाकलं. काही थांबले, काही गेले.

आणखी एका बाबतीत तुमचं ऐकणार नाही, ते इथंच जाहीर करते. दसरा चौकात माझा हात जोडलेला फ्लेक्स लागणार नाही. वाढदिवसाच्या भावी नगरसेवकांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. आणि लाखांनी फॉलोअर असलेला तो पोरगा, जो पाच जोड, वर पैसे, आणि "जाहिरात आहे असं सांगायचं नाही" अशी अट घेऊन आला होता, त्याला नाही म्हणताना मात्र तुमचीच भाषा वापरली. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगायची, हा जाहिरात क्षेत्राचा २०२१ पासूनचा दंडक आहे, हेही त्याला ऐकवलं. दुसरीकडं जा म्हटलं. गेला.

आता जे तुम्हाला माहीत आहे पण कुणापुढं बोललो नाही ते. मागच्या वर्षी डब्यात चिठ्ठी घालायला सुरुवात केली : या जोडाची वेणी अमुक मावशींनी घातली. कर्नाटकातल्या अथणीत बचत गटांच्या बायकांनी टो-होल्ड या नावानं आपला माल परदेशी नेला, हे तुम्ही सांगितल्यापासून ते डोक्यात होतं. आजीचं नाव तळाला, मग आज विणणारीचं का नको? लोक नावानं मागायला लागले, "त्या मावशींचीच वेणी हवी." मावशींनी मजुरी वाढवून मागितली, मी दिली. आणि त्यांतली एक, सगळ्यात चांगला हात असलेली, स्वतःचं काम काढायचं म्हणून दिवाळीनंतर निघाली.

ती कार्डं छापायला तुमच्याकडंच आली. तुम्ही तिला बसवून मला फोन केलात, "काय करू? छापू?" माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. तिच्या जागी बसवायला तसा हात अजून मिळालेला नाही. पण तुम्ही विचारलंत, यासाठीही आभार. मजकूर काय आणलाय, म्हणून विचारलं तर तुम्ही वाचून दाखवलंत. वर ठसठशीत तिचं स्वतःचं नाव होतं, पहिल्या फटक्यात.

छापा म्हटलं. आणि काका, दर मला लावता तोच लावा, जास्त नको.

आपली,
सुभाषनगरची वेणीवाली