बातमी पेशींची, गोळ्या पेशंटच्या पोटात

मा. संपादक,

सेलेनियम या क्षारामुळे केमोची ताकद वाढते, ही आपल्या आरोग्य पुरवणीतली बातमी वाचून आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी मुलाला सेलेनियमच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये पिटाळलं. त्यांची आतड्याच्या कॅन्सरची केमो चालू आहे. म्हणून हे पत्र.

बशीत वाढवलेल्या कॅन्सरपेशींवर सोडियम सेलेनाइट, म्हणजे सेलेनियमचंच एक रूप, घातलं की त्या मरतात, केमोच्या जोडीनं जास्त मरतात, असे प्रयोग झालेत. ते खोटे नाहीत. पण हेच सेलेनियम थोडं असलं तर पेशींना वाचवणाऱ्या एन्झाइमच्या कामी येतं, जास्त झालं तर विष ठरतं. बशीतली मात्रा संशोधकाच्या हातात. गिळलेल्या गोळीतलं गाठीपर्यंत किती पोचलं, कोण सांगणार? जादा झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होतात. केमोतही तेच होतं. मग डॉक्टरांनी दोष कुणाला द्यायचा?

मी केमो डे-केअरला सिस्टर होते. आतड्याच्या कॅन्सरवरचं केमोचं औषध ऑक्सॅलिप्लॅटिन डी-फाइव्हमध्येच, म्हणजे ग्लुकोजच्या पाण्यातच मिसळायचं, एनएसमध्ये चुकूनही नाही, हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावायचे. एनएस म्हणजे मिठाचं पाणी, पण त्यातल्या क्लोराइडनं औषध बाटलीतच बिघडतं. साधं मीठही केमोला नडतं, ते असं.

कॅल्शियम-मॅग्नेशियमचं तर रामायणच झालं. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतलेल्या पेशंटनं फ्रिजमधली बाटली धरली तरी बोटांत सुया टोचतात. औषधातून सुटणारं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं म्हणून असं होतं, असा तर्क होता. त्यावरून केमोच्या आधी आणि नंतर कॅल्शियम ग्लुकोनेट, मॅग्नेशियम सल्फेट शिरेतून द्यायची पद्धत पडली. २००७ मध्ये अमेरिकेतली एक चाचणी मध्येच थांबवली, कारण या क्षारांनी केमोच लुळी पडते अशी शंका आली. स्कॅन पुन्हा तपासले, तर शंका निराधार. आणि २०१४ मध्ये साडेतीनशेवर रुग्णांच्या चाचणीचा निकाल छापून आला: बोटांतल्या सुया टोचण्याच्या, म्हणजे मज्जातंतूंच्या त्रासावर या क्षारांचा फायदाच नाही. इतका सरळ वाटणारा तर्क, तोही डॉक्टरांचा!

तेव्हा अशा बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर, आणि मात्रा किती होती, एवढं छापा. सोबत एक ओळ: घेत असलेली प्रत्येक गोळी, काढा, भस्म केमोच्या डॉक्टरांना दाखवा. काकूंची गोळ्यांची डबी मी त्यांच्या फाइलच्या पिशवीत ठेवून दिली आहे. केमोच्या पुढच्या सायकलला डॉक्टर काय ते ठरवतील.

– एक निवृत्त परिचारिका, मिरज