लोअर परळला जाताय? आधी छपरे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोअर परळच्या भटकंतीवर हल्ली बरेच छापून येते. कॉफी, बिअर, गॅलऱ्या आणि मग एका ओळीत ‘पूर्वी इथे गिरण्या होत्या’. त्या गिरण्या अजूनही ओळखता येतात, खुणा तेवढ्या ठाऊक हव्यात.

करवतीच्या दात्यांसारखे छप्पर दिसले की ते साचेखाते, म्हणजे साच्यांवर (मागांवर) कापड विणण्याचे खाते समजावे. दात्यांची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली असते. त्यामुळे थेट ऊन आत येत नाही, उजेड दिवसभर एकसारखा राहतो आणि तुटलेला धागा चटकन नजरेत भरतो. हे खाते जमिनीलगत, कारण शेकडो साच्यांचे हादरे वरच्या मजल्याला झेपत नसत. लांबलचक, बहुमजली दगडी इमारत असेल तर तिथे बहुधा सूत कातले जाई. आता आत फॉल्स सीलिंग ठोकलेले असते, म्हणून छप्पर बाहेरूनच बघावे, शक्यतो पुलावरून.

फिनिक्स मॉलच्या, म्हणजे जुन्या फिनिक्स गिरणीच्या आवारातली चिमणी अनेकांना निव्वळ शोभेची वाटते. वाफ करणाऱ्या बॉयलरच्या भट्टीला हवा ओढून घेण्यासाठी ती होती. उंची जास्त तितकी ओढ जास्त. १९१५ पासून खोपोलीची वीज मिळू लागली, तरी सुताला खळ लावायला आणि रंगाईला वाफ लागतच होती. चिमण्या राहिल्या त्या त्यामुळे.

लोअर परळला उतरण्यापेक्षा करी रोडला उतरा, तेही रविवारी सकाळी. मात्र मेगाब्लॉक बघून निघा. धिम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की करी रोडला थांबत नाहीत. मग परळला उतरून मागे चालत यावे लागते. करी रोडहून ना. म. जोशी मार्गावर (जुन्यांचा डिलाईल रोड) या. तिथल्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, तेव्हा उरलेल्या चाळी आधी बघून घ्या: खोली १६० चौरस फुटांची. मॉल काही कुठे पळत नाही. तिथून पूल ओलांडला की सेनापती बापट मार्ग.

गिरण्यांच्या एवढ्या जमिनीवर मैदान का दिसत नाही, हा प्रश्न पडतोच. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे जमिनीचे ढोबळ तीन वाटे होते: मोकळी जागा, म्हाडाची घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले, आणि गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली.

आता मैदान मागण्यात अर्थ नाही. पण उरलेल्या प्रत्येक चिमणीसाठी महापालिकेने एक फलक तरी लावावा: गिरणीचे मूळ नाव, सुरू झाल्याचे साल, सूत कातण्याच्या चात्या किती, साचे किती, आणि १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर तिचा भोंगा पुन्हा वाजला की नाही. फलक पदपथावर हवा. फाटकाच्या आत लावला तर तो वाचायलाही सुरक्षारक्षकाची परवानगी लागेल.

— एक वाचक, लालबाग